क्रायस्लर : चाचणी ग्राहकाच्या दारात

डेट्रॉइटच्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांमध्ये क्रायस्लर सर्वांत धाकटी. जनरल मोटर्सकडे पैसा होता, फोर्डकडे घराण्याचे नाव होते आणि क्रायस्लरकडे इंजिनिअर होते. या कंपनीचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना एक विसंगती सतत खटकते. तंत्रज्ञानात जी कंपनी वारंवार इतरांच्या पुढे होती, तिच्याच गाड्यांनी मालकांना सर्वांत जास्त वेळा गॅरेजची वाट दाखवली. गंजलेले मडगार्ड, चौकात बंद पडणारे इंजिन, अवेळी दगा देणारी गिअरबॉक्स या तक्रारी दर पंधरा-वीस वर्षांनी नव्या मॉडेलच्या नावाने परत आल्या. नेहमीचे स्पष्टीकरण असे की अमेरिकी कामगार आळशी झाला, सरकारने नियमांचा फास आवळला आणि जपानी गाड्या येताच डेट्रॉइटचे पितळ उघडे पडले. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. क्रायस्लरच्या गाड्या बिघडल्या त्या कागदावरच्या आराखड्यापासून ग्राहकाच्या दारापर्यंतचा वेळ कंपनीने पुन्हा पुन्हा कापला म्हणून. तो कापला जाई कंपनीची तिजोरी रिकामी असताना, आणि उरलेली चाचणी ग्राहकाने स्वतःच्या पैशाने पुरी करून द्यायची, असा अलिखित व्यवहार ठरून गेला होता.

संस्थापकाचा स्वभाव याच्या अगदी उलट होता. वॉल्टर क्रायस्लरचा जन्म 1875चा, कॅन्ससमधला. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हाताने काम करत तो वर चढला. 1908 साली शिकागोच्या प्रदर्शनात त्याने 5,000 डॉलरची लोकोमोबाइल गाडी बहुतांशी कर्ज काढून घेतली, आणि ती चालवण्याआधी सुटी करून पुन्हा जोडली. पुढे ब्युइक कंपनीचा कारभार सांभाळून, डबघाईला आलेल्या मॅक्सवेल कंपनीत तो आला. त्याच्याबरोबर फ्रेड झेडर, ओवेन स्केल्टन आणि कार्ल ब्रीअर हे तीन इंजिनिअर होते. जानेवारी 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलच्या दालनात त्यांनी आपली पहिली ‘क्रायस्लर सिक्स’ लोकांपुढे ठेवली. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, बदलता येणारा ऑइल फिल्टर, जास्त दाबावर चालणारे इंजिन हे सारे मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या गाडीत होते. पहिल्याच वर्षी सुमारे 32 हजार गाड्या गेल्या. 1925 साली क्रायस्लर कॉर्पोरेशन उभी राहिली. 1928 साली तिने डॉज ही आपल्याहून मोठी कंपनी विकत घेतली आणि प्लिमथ व डिसोटो ही नवी नावे बाजारात आणली. महामंदीत स्वस्त आणि दणकट प्लिमथने कंपनीला तारले, इतके की तिशीच्या दशकात क्रायस्लर फोर्डला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर गेली. भारतात मोटारींचा कारखाना काढायची वालचंद हिराचंद यांची जिद्द होती. त्यांनी हात मिळवला तो याच कंपनीशी. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या आणि डॉज व फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले.

पण घाईची पहिली ठेच संस्थापकाच्या हयातीतच लागली होती. 1934 सालची ‘एअरफ्लो’ ही अमेरिकेतली, वाऱ्याच्या बोगद्यात पारखून घडवलेली पहिली मोठ्या उत्पादनाची मोटार. हवेचा रोध कमी, सांगाडा आणि बॉडी एकमेकांत गुंफलेली, मागची बैठक चाकांच्या पुढे आणलेली, त्यामुळे धक्के कमी. प्रदर्शनात ती मांडली तेव्हा मागण्यांचा पाऊस पडला, पण कारखान्याची यंत्रे अजून तयार नव्हती. ग्राहकांना महिनोन्‌महिने थांबावे लागले, आणि सुरुवातीच्या गाड्या हातात पडल्या त्या दोषांसकट. तिचे रूप काळाच्या पुढचे होते म्हणून ती पडली, असे सांगण्याची रीत आहे, आणि रूप लोकांना विचित्र वाटले हे खरेच. मात्र रूपाची सवय होते. पहिल्या खेपेच्या मालकाने शेजाऱ्याला सांगितलेली तक्रार पुसली जात नाही. 1937 नंतर एअरफ्लो बंद झाली. कंपनीने धडा घेतला तो चुकीचा. धाडसी रूप नको, एवढेच तिच्या मनावर बिंबले, आणि पुढची पंधरा वर्षे तिने उंच, सोज्वळ, मजबूत आणि नीरस गाड्या काढल्या. तयारी होण्याआधी माल विकू नये, हा धडा घ्यायचा राहून गेला.

तो न घेतल्याची मोठी किंमत 1957 साली मोजावी लागली. व्हर्जिल एक्सनर या आरेखकाने त्या वर्षीच्या गाड्यांना जे रूप दिले, त्यापुढे जनरल मोटर्सच्या गाड्या एका रात्रीत जुन्या दिसू लागल्या. छप्पर खाली आले, मागे उंच पंख फुटले, पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार बसले आणि वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहू लागली. अमेरिकी बाजारातला कंपनीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या जवळ पोहोचला. पण साऱ्या ब्रँडच्या बॉड्या एकाच वेळी नव्या करायच्या आणि त्याही आटोपशीर मुदतीत, हे कारखान्यांना झेपले नाही. सांध्यांतून पावसाचे पाणी आत येई, पत्रा दोन-तीन हिवाळ्यांतच गंजे, टॉर्शन बार तुटल्याच्या तक्रारी येत. उत्तर अमेरिकेत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. जिथे पाणी साचते आणि रंग पातळ असतो, तिथे ते मीठ पत्रा खाऊन टाकते. त्या काळी कंपनीला सुरक्षेचे दोष जाहीर करायला लावणारा संघराज्याचा कायदाही नव्हता, तो 1966 साली आला. त्यामुळे मालकाने खिशातून दुरुस्ती करायची आणि पुढच्या वेळी दुसऱ्या शोरूमची पायरी चढायची, एवढाच मार्ग होता. 1958ची मंदी आणि साठीच्या सुरुवातीचे फसलेले आरेखन यांचाही परिणाम होताच. तरी 1962 पर्यंत कंपनीचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास घसरला, त्यात 1957च्या गंजाचा हात होता हे नाकारता येणार नाही.

नेमक्या याच पडझडीत क्रायस्लरने अशी गाडी काढली की जिच्यामुळे माझ्या मुद्द्याला सर्वांत भक्कम पुरावा मिळतो. 1960 सालच्या मॉडेलची ‘व्हॅलिअंट’ आणि तिची पुढची बहीण ‘डॉज डार्ट’. त्यांच्यातले सहा सिलिंडरचे इंजिन 30 अंशांनी एका बाजूला कललेले होते, म्हणून त्याला ‘स्लँट सिक्स’ म्हणत. ते ॲल्युमिनियममध्येही ओतायचे असे ठरवून आखले असल्याने बिडाच्या आवृत्तीला गरजेपेक्षा जाड भिंती मिळाल्या. घडीव पोलादाची क्रँकशाफ्ट होती. वीज तयार करायला जुन्या डायनामोऐवजी अल्टरनेटर होता. सोबतीला टॉर्कफ्लाइट ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होती. हे इंजिन मोटारींमध्ये 1983 पर्यंत आणि ट्रकमध्ये 1987 पर्यंत टिकले. ऑइल बदलायला विसरणाऱ्या मालकालाही ते सांभाळून घेते, अशी त्याची ख्याती होती. इथे कोणी म्हणेल की व्हॅलिअंटसुद्धा थोड्या मुदतीतच उभी केली होती, मग घाईचा सिद्धान्त कुठे राहिला? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे मुद्दा अधिक नेमका होतो. वेळ दोन ठिकाणी देता येतो, गाडी बाजारात येण्याआधी किंवा आल्यानंतर. व्हॅलिअंट-डार्टच्या बाबतीत कंपनीने तेच इंजिन, तीच गिअरबॉक्स आणि त्याच पद्धतीची बॉडी सोळा वर्षे धरून ठेवली, आणि मेकॅनिककडून येणारा एकेक दोष काढत नेला. 1963च्या मॉडेलपासून कंपनीने इंजिन आणि गिअरबॉक्सवर 5 वर्षे किंवा 50 हजार मैलांची वॉरंटी दिली. तेव्हाच्या बाजारात ते मोठे धाडस होते. प्रतिस्पर्ध्यांना मागोमाग यावे लागले. त्या वॉरंटीच्या पाठीशी खरोखरच टिकणारे यंत्र होते, म्हणून ती कंपनीला परवडली.

ही वॉरंटी देणारा अध्यक्ष लिन टाउनसेंड मूळचा हिशेबनीस. त्याच्या कारकिर्दीत एक घातक प्रथा रुजली, तिला कंपनीत ‘सेल्स बँक’ म्हणत. डीलरने मागणी नोंदवली नसली तरी कारखाना चालू ठेवायचा, गाड्या जोडायच्या आणि डेट्रॉइटच्या आसपासच्या मोकळ्या मैदानांत उभ्या करायच्या. मग तिमाही संपत आली की अधिकाऱ्यांनी डीलरना फोन करून त्या गळ्यात मारायच्या. कागदावर उत्पादन भरभक्कम दिसे. प्रत्यक्षात ऊन, बर्फ आणि पावसात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरत, टायर बसत, रंग फिका पडे, आणि ‘नवी कोरी’ म्हणून हीच गाडी कुणाच्या तरी हाती पडे. डीलरही शहाणे झाले. तिमाहीअखेर कंपनी अगतिक होते हे ओळखून ते आधी मागणीच नोंदवत नसत. ग्राहकाला काय हवे आहे, काय बिघडते आहे, ही माहिती कारखान्यापर्यंत यायची वाटच अशा रीतीने बुजली. हे मला केवळ विक्रीखात्याचे दुखणे वाटत नाही, दोष दुरुस्त होण्याचे चक्र इथेच तुटले.

त्यातच 1973च्या अखेरीस तेलसंकट आले. विक्री कोसळली, आणि रोकड वाचवण्यासाठी कंपनीने ज्यांना घरी बसवले त्यांत इंजिनिअर मोठ्या संख्येने होते. म्हणजे डार्ट आणि व्हॅलिअंटची जागा घेणाऱ्या गाड्या आकाराला येत होत्या, त्याच महिन्यांत त्यांना तपासणारी माणसे कामावर नव्हती. 1975च्या शरद ऋतूत ‘डॉज ॲस्पेन’ आणि ‘प्लिमथ व्होलारे’ शोरूममध्ये आल्या. ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने त्यांना 1976ची सर्वोत्तम गाडी ठरवले. पहिल्या भेटीत त्या खरोखर छान होत्या, ऐसपैस, शांत, आरामदायी. मग तक्रारी सुरू झाल्या. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल आणि मीठ अडवणारे संरक्षण नसल्याने तो पत्रा थोड्याच काळात वरून गंजू लागला. इंजिन मध्येच बंद पडे. ब्रेक, सीटबेल्ट, इंधनव्यवस्था यांसाठी एकामागून एक गाड्या परत बोलावाव्या लागल्या. पुढे मडगार्डही फुकट बदलून द्यावे लागले. पुढे क्रायस्लरचा प्रमुख झालेल्या ली आयकोकाने आपल्या आत्मचरित्रात कबूल केले की या गाड्या सहा महिने उशिरा यायला हव्या होत्या, कंपनी पैशाला भुकेली होती, आणि त्या पहिल्या खरेदीदारांनी प्रत्यक्षात कंपनीच्या चाचणी-इंजिनिअरांचे काम केले. आयकोका तेव्हा फोर्डमध्ये होता, त्यामुळे आधीच्या कारभाऱ्यांना दोष देणे त्याच्या सोयीचे होते. तरीही त्याचे निदान वस्तुस्थितीशी जुळते. त्या व्होलारेत काय बिघडले आणि काय नाही, हे पाहिले तर खूण पटते. आत तेच जुने स्लँट सिक्स आणि तीच टॉर्कफ्लाइट होती, आणि ती दोन्ही ठणठणीत चालत होती. मेले ते नवे, न पारखलेले भाग. त्याच बॉडीच्या तळावर बेतलेली ‘डॉज डिप्लोमॅट’ ऐंशीच्या दशकात अमेरिकी पोलिसांची आवडती गस्ती गाडी झाली. दोष निघाल्यावर तीच रचना दणकट ठरली. फक्त ते दोष काढण्याचा खर्च आणि मनस्ताप 1976च्या मालकांनी सोसला होता.

कामगारांवर ठपका ठेवणाऱ्यांना उत्तर इथेच मिळते. 1973च्या उन्हाळ्यात क्रायस्लरच्या जेफरसन अव्हेन्यू आणि मॅक अव्हेन्यू कारखान्यांत युनियनला न विचारता संप झाले, हे खरे आहे. असह्य उष्णता, जुनाट यंत्रे आणि सक्तीचा ओव्हरटाइम ही त्यांची कारणे होती. अशा ठिकाणी एखादा बोल्ट सैल राहणारच. पण मडगार्डच्या आत संरक्षक पत्रा घालायचा नाही हा निर्णय असेंब्ली लाइनवरच्या कामगाराचा नव्हता. आणि त्याच कंपनीच्या, त्याच युनियनच्या कामगारांनी जोडलेल्या डार्ट वर्षानुवर्षे धावत होत्या. सरकारी नियमांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रदूषण आणि सुरक्षेचे नियम सर्वांना सारखे होते, पण त्यांचा खर्च जनरल मोटर्स लाखो जादा गाड्यांवर पसरवू शकत होती, क्रायस्लरला दर गाडीमागे जास्त भार पडे, हा अध्यक्ष जॉन रिकार्डो याचा युक्तिवाद गणिताने बरोबर होता. मात्र त्या काळी मोटारींच्या जगात अजून नवखी असलेली होंडा आपल्या सीव्हीसीसी इंजिनाने ते नियम उत्प्रेरकाशिवाय पाळून दाखवत होती, तेव्हा क्रायस्लरने 1976 साली ‘लीन बर्न’ हा इलेक्ट्रॉनिक संगणक काढला आणि तो थेट इंजिनावरच्या एअर फिल्टरच्या डब्याला लावला. कल्पना दूरदृष्टीची होती, पुढे साऱ्या जगाने इंजिनाला संगणक जोडले. पण सतत उष्णता आणि कंप असलेल्या जागी तो ठेवल्याने गाड्या अडखळू लागल्या. अनेक मालकांनी आणि मिस्त्रींनी तो काढून टाकून जुनी व्यवस्था बसवली. इथे नियमाने अडचण निर्माण केली, पण अपुऱ्या चाचणीचा निर्णय कंपनीचाच होता.

पुढची कहाणी प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर 1978 मध्ये आयकोका आला. 1979 साली कंपनीला 1.1 अब्ज डॉलर तोटा झाला, 1980 साली 1.7 अब्ज. सरकारने 1.5 अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली. साध्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ‘के’ गाड्या आल्या, 1983च्या अखेरीस मिनीव्हॅन आली, आणि कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फिटले. आयकोकाने सेल्स बँक मोडली, हे त्याचे मोठे काम. त्याच सुमारास ग्राहकांची सोशिकता संपत होती. 1982 साली कनेक्टिकट राज्याने वारंवार बिघडणारी नवी गाडी परत घ्यायला किंवा बदलून द्यायला लावणारा कायदा केला आणि एकेक राज्य त्यामागे गेले. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे नियतकालिक हजारो मालकांकडून दुरुस्त्यांची माहिती गोळा करून छापत होते, त्यामुळे एकेकट्या मालकाच्या कुरबुरीला आकड्याचे बळ आले होते. मग जून 1987 मध्ये कंपनीवर फौजदारी आरोप ठेवले गेले. अधिकारी कारखान्यातून निघालेल्या गाड्या मीटरची तार काढून चालवत, आणि नंतर त्या नव्या म्हणून विकल्या जात. अशा गाड्या 60 हजारांहून अधिक होत्या, काहींना तर अपघातही झाले होते. आयकोकाने जाहीर माफी मागितली, वॉरंटी वाढवली, अपघातातल्या गाड्या बदलून दिल्या. मला यात सर्वांत बोचते ते हे की मुळात हा दर्जा तपासण्याचा उपक्रम होता. गाडी ग्राहकाला देण्याआधी चालवून पाहणे, ही क्रायस्लरला सर्वांत जास्त गरज असलेली गोष्ट, आणि तीच ग्राहकापासून लपवून केली गेली.

1989 साली ‘अल्ट्राड्राइव्ह’ ही चार गतींची, संगणकाने चालणारी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आली आणि जुनेच नाटक नव्याने सुरू झाले. जगातल्या इतर निर्मात्यांनी पुढे स्वीकारलेल्या अनेक कल्पना तिच्यात होत्या, पण ती पुरती पिकण्याआधी मिनीव्हॅनमध्ये बसली. त्यातून एक चूक अशी झाली की तिला कंपनीचे खास ऑइल लागत असताना डिपस्टिकवर आणि पुस्तिकेत सर्वत्र मिळणारे डेक्सरॉन चालेल असे छापले होते. मालक निगा राखत नाहीत म्हणून गाड्या बिघडतात, हा कंपन्यांचा आवडता आक्षेप या एका उदाहरणाने निकालात निघतो. ज्या मालकाने पुस्तिका उघडून, नेमाने, सांगितलेलेच ऑइल घातले, त्याचीच गिअरबॉक्स थरथरली आणि बसली. पुढे संगणकाचे प्रोग्रॅम बदलले, भाग सुधारले, ऑइलची सूचना दुरुस्त झाली आणि नव्वदीच्या उत्तरार्धात ती बरीच भरवशाची झाली. ‘निऑन’ या छोट्या गाडीच्या हेड गॅस्केटचेही तसेच, पहिल्या काही वर्षांच्या मालकांनी ती बदलून घेतली, नंतर कंपनीने धातूच्या अनेक पदरांची गॅस्केट बसवली. कोणी विचारेल, इतके असूनही मिनीव्हॅन खपतच होत्या, मग नुकसान कुठे झाले? तशी गाडी दुसऱ्या कुणाकडे धड नव्हती, म्हणून त्या खपत होत्या. होंडा आणि टोयोटाच्या चांगल्या मिनीव्हॅन येताच निवड शक्य झाली, आणि जुन्या अनुभवांचा हिशेब तेव्हा चुकता झाला.

1998 साली डाइमलर-बेंझशी विलीनीकरण झाले, पण त्या लग्नातून दर्जा सुधारला नाही. त्याच काळातल्या 2.7 लिटर इंजिनात ऑइलचा चिखल होऊन इंजिन बसल्याच्या तक्रारी वाढल्या. 2007 साली जर्मनांनी कंपनीचा 80.1 टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक संस्थेला विकला. नव्या मालकांनी त्याच उन्हाळ्यात इंजिन-गिअरबॉक्सवर पहिल्या खरेदीदारासाठी आजन्म वॉरंटी जाहीर केली. 1963ची वॉरंटी टिकणाऱ्या इंजिनाची ग्वाही होती, 2007ची वॉरंटी उडालेला विश्वास परत मागणारी होती, आणि ग्राहकाला तो फरक कळत होता. कंपनी स्वतःच किती दिवस राहील हे ठाऊक नसताना आजन्म शब्दाला अर्थ उरत नाही. 30 मार्च 2009 रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी देशाला सांगितले की क्रायस्लर आणि जनरल मोटर्सची गाडी घेणाऱ्यांनी घाबरू नये, वॉरंटीच्या पाठीशी अमेरिकेचे सरकार उभे राहील. महिनाभराने, 30 एप्रिलला, क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. जूनमध्ये फियाटशी बांधलेली नवी कंपनी उभी राहिली, तेव्हा जुन्या गाड्यांतल्या दोषांमुळे होणाऱ्या अपघातांची जबाबदारी आपली नाही अशी तिची भूमिका होती. ग्राहक संघटना आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस, पुढे होणाऱ्या अपघातांपुरती ती जबाबदारी तिने पत्करली.